पहिल्या हाकेला ओ देऊ नका: व्हॅम्पायरपट कुठून बघायला घ्यावेत

रात्री बाहेरून कोणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे कोकणातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलं जातं. तिसरी हाक आली तर माणूस आहे असं समजायचं आणि मगच कडी काढायची. ग्रीसच्या बेटांवरही थोड्याफार फरकाने हीच शिकवण होती. तिथला 'व्रिकोलाकास', म्हणजे थडग्यातून उठून आलेला माणूस, दारावर एकदाच थाप मारतो आणि आतल्याचं नाव घेतो. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या घराकडे वळतो. म्हणून त्या गावांतले लोक पहिल्या थापेला दार उघडत नसत.

हे सांगण्याचं कारण असं की आमच्याकडे भुताखेतांच्या गजालींवर पोसलेली, नारायण धारप रात्र जागवून वाचणारी मंडळी व्हॅम्पायरचं नाव काढलं की तोंड फिरवतात. काळा झगा, दोन सुळे, वटवाघूळ, हे साहेबाचं भूत आपल्याला काय घाबरवणार, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. त्यांनी चुकीच्या सिनेमांपासून सुरुवात केली, एवढंच झालंय. व्हॅम्पायर नियमांनी बांधलेला असतो. कुठे जायचं, कुठे नाही, कोणाला धरायचं, कशाने अडायचं, हे सगळं ठरलेलं. चांगला व्हॅम्पायरपट त्यातला एखादाच नियम उचलतो आणि तळापर्यंत खणत जातो. अवसेला कुठल्या पाणंदीने जायचं नाही हे ज्या गावात ठरलेलं असतं, तिथल्या प्रेक्षकाला ही भाषा आधीपासूनच येते.

आधी एक मूलभूत फरक समजून घेऊ. आपली बहुतेक भुतं देहाशिवायची आहेत. मुंजा, समंध, हडळ यांचा देह जळून गेलेला असतो, मागे उरते ती वासना. वेताळ तर आपल्याकडे भुतांचा राजा असूनही गावाची राखण करतो. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. व्हॅम्पायरचं याच्या उलट. त्याला देह आहे, तोच जुना, पुरलेला, आणि तो टिकवायला त्याला रोज जिवंत माणसाचं रक्त लागतं. जिथे प्रेतं पुरतात तिथेच ही कल्पना का रुजली, ते यावरून लक्षात येतं.

त्यामागे नोंदलेला इतिहास आहे. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला आणि पाठोपाठ गावात मृत्यू होऊ लागले. लोकांनी थडगं उकरलं तर देह फारसा कुजलेला नव्हता, केस-नखं वाढल्यासारखी दिसत होती आणि तोंडाशी ताजं रक्त होतं. त्यांनी छातीत खुंट ठोकला आणि देह जाळला. काही वर्षांनी मेद्वेजा गावात असाच प्रकार झाला, तेव्हा ऑस्ट्रियाच्या लष्करी डॉक्टरांनी जाऊन तपासणी केली. १७३२ सालचा त्यांचा अहवाल युरोपभर वाचला गेला आणि व्हॅम्पायर हा शब्द घराघरांत पोचला.

त्या डॉक्टरांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं, त्याचा अर्थ चुकला. थंडीत पुरलेला देह सावकाश कुजतो. आतड्यांत वायू साठून पोट फुगतं, त्या दाबाने पातळ झालेलं रक्त तोंडानाकातून बाहेर येतं. कातडी आक्रसून मागे सरते, त्यामुळे नखं आणि दाढी लांब झाल्याचा भास होतो. खुंट ठोकला की कोंडलेला वायू घशातून सुटतो आणि प्रेत विव्हळल्यासारखा आवाज येतो. साथीत घरातली माणसं एकामागून एक जायची, कारण रोग एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जायचा. जंतू कोणालाच माहीत नव्हते, म्हणून दोष पहिल्या मेलेल्यावर आला. शेवटी १७५५ साली ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेझा हिने आपला वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याच्याकरवी चौकशी करवून थडगी उकरायला बंदी घातली. पुढे साहित्याने हा शेतकरी उचलला आणि त्याचा सरदार केला. १८१९ साली पोलिडोरी या लेखकाने आपल्या कथेत त्याला उमराव बनवलं, १८९७ साली ब्रॅम स्टोकरने 'ड्रॅक्युला' कादंबरीत किल्ला दिला. साथीच्या रोगातून जन्मलेलं हे भूत आहे, एवढं डोक्यात ठेवलं तर पुढचे बरेच सिनेमे वेगळेच दिसू लागतात.

सुरुवात 'नोस्फेरातू'पासूनच करा, १९२२ सालचा जर्मन मूकपट, दिग्दर्शक मुर्नाऊ. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हा नियम सगळ्या जगाला प्राचीन वाटतो, पण तो इथे जन्मला. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. मुर्नाऊच्या सिनेमात कोंबडा आरवतो, खिडकीतून ऊन येतं आणि काउंट ऑरलॉक विरून जातो. माक्स श्रेकचा तो टकला, लांब बोटांचा, उंदरासारख्या दातांचा ऑरलॉक भीतीदायक का वाटतो, हे दशावतार बघणाऱ्याला वेगळं सांगावं लागणार नाही. रंगवलेलं तोंड, मोजक्या हालचाली आणि पडद्याआडून येण्याची अचूक वेळ एवढ्यावर संकासुर जत्रेतल्या पोरांची पाचावर धारण बसवतो, श्रेकचंही तेच. तो जिथे जातो तिथे उंदीर आणि प्लेग पोचतात. पहिलं महायुद्ध आणि फ्लूची साथ नुकतीच सोसलेल्या प्रेक्षकांना ते शहरातून निघणाऱ्या शवपेट्यांचं दृश्य कसं झोंबलं असेल, याचा विचार करत बघा.

सिनेमा स्टोकरच्या कादंबरीवरून काढला होता, पण निर्मात्यांनी तिचे हक्क घेतले नव्हते. स्टोकरच्या पत्नीने खटला भरला आणि १९२५ साली कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा आदेश दिला. काही प्रती परदेशात गेल्या होत्या, म्हणून सिनेमा वाचला. आता एक कळीची सूचना. रात्रीची दृश्यं दिवसाच चित्रित करून नंतर फिल्म निळी रंगवलेली होती. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच जुन्या प्रती साध्या कृष्णधवल आहेत, त्यांत ऑरलॉक भर दुपारी शवपेटी काखोटीला मारून चाललेला दिसतो आणि उन्हाच्या नियमाचं सगळं गणितच कोसळतं. रंगछटा परत आणलेली, दुरुस्त केलेली प्रत शोधा.

बेला लुगोसीचा १९३१ सालचा 'ड्रॅक्युला' सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच सेटवर रात्री, इंग्रजी युनिट घरी गेल्यावर, दुसरी टोळी तोच सिनेमा स्पॅनिशमध्ये काढत होती हे फार थोड्यांना माहीत असतं. दिवसाचं चित्रण बघून त्यावर कडी करायची त्यांची ईर्ष्या होती, आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत त्यांनी ती केली. काउंट म्हणून मात्र लुगोसीच सरस. हॅमर स्टुडिओचा १९५८ सालचा ख्रिस्तोफर ली आणि पीटर कुशिंगचा 'ड्रॅक्युला' लाल रक्तासाठी आणि वेगासाठी जरूर बघावा, पण त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थांबत नाही.

मला ज्याच्याबद्दल पोटतिडकीने सांगायचंय तो 'आयल ऑफ द डेड', १९४५, निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक मार्क रॉबसन. काळ १९१२ चा, बाल्कन युद्धाचा, जागा एक लहानसं ग्रीक बेट. तिथल्या घरात काही माणसं मुक्कामाला आहेत आणि त्यांच्यात प्लेग शिरतो. डॉक्टर सांगतो, कोणीही बेट सोडायचं नाही. दक्षिणेचा गरम वारा सुटला की पिसवा मरतील आणि साथ आटोपेल, तोवर थांबायचं. वाऱ्याची वाट बघत अडकलेली माणसं, यापेक्षा किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाला जवळचं काय असणार? पावसाळ्याच्या तोंडावर वारा फिरेल म्हणून होड्या ओढून बसलेल्यांना त्या डॉक्टरचं पुन्हा पुन्हा आभाळाकडे बघणं लगेच कळतं.

बोरिस कार्लोफ यात एक कडक सेनापती आहे, कायदा आणि विज्ञानाशिवाय काही न मानणारा. घरातली म्हातारी मात्र कुजबुजत राहते की ही साथ नव्हे, इथली ती तरुण मुलगी रात्री रक्त शोषते. वारा फिरत नाही, माणसं मरत जातात आणि सेनापतीचा विश्वास एका पायरीने, मग दुसऱ्या पायरीने खाली उतरतो. किसिल्येवोत जे घडलं तेच इथे डोळ्यांसमोर घडतं. उत्तर मिळत नाही तेव्हा माणूस गुन्हेगार शोधतो, आणि तो बहुतेक वेळा घरातली सगळ्यात दुबळी बाई असते. शवपेटीवर थेंब थेंब पाणी पडतंय आणि आतून आवाज येतो, त्या प्रसंगात दाखवलं जवळजवळ काहीच नाही, तरी अंगावर काटा येतो. सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा आहे.

आता दाराचा नियम. आतून कोणी 'ये' म्हटल्याशिवाय व्हॅम्पायर उंबरठा ओलांडू शकत नाही. २००८ सालच्या 'लेट द राइट वन इन' या स्वीडिश सिनेमाने हा नियम मोडला तर काय होतं ते दाखवलं, आणि ते दृश्य बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल. त्याच्या खूप आधी, १९६३ साली, इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाने 'ब्लॅक सब्बाथ'मध्ये तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली 'वुर्दुलाक' ही माझ्या मते दाराच्या भीतीची सर्वांत मोठी गोष्ट आहे. वुर्दुलाक परक्यांकडे जात नाही, ज्यांच्यावर त्याचं प्रेम होतं त्यांचंच रक्त त्याला हवं असतं. घरातला म्हातारा एका दरोडेखोराला मारायला निघतो आणि मुलांना बजावतो, पाच दिवसांत आलो नाही तर नंतर मला घरात घेऊ नका. तो बरोबर पाच दिवस भरता भरता परततो. आत घ्यायचा की नाही? तोच बाप आहे, आवाज तोच, फक्त तो जेवत नाही आणि घरचा कुत्रा त्याच्यावर भुंकतो. ही भूमिकाही कार्लोफचीच.

पुढे घरातलं लहान मूल मरतं, त्याला पुरतात. त्या रात्री बाहेरून त्याची हाक येते: आई, मला थंडी वाजते. आतली सगळी माणसं जाणतात की हे मूल नाही. आईसुद्धा जाणते. ती काय करते ते इथे लिहीत नाही, पण तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायची शिकवण त्या क्षणी किती अवघड होते, ते कळायला हा सिनेमा बघाच. बाव्हाचे निळे-जांभळे-हिरवे प्रकाश मोबाइलच्या पडद्यावर मरतात, मोठा टीव्ही मिळाला तर उत्तम. अमेरिकन आवृत्तीत कथांचा क्रम आणि काही मजकूर बदललेला आहे, इटालियन आवृत्ती सबटायटलसह बघावी.

काही सिनेमे सुरुवातीला देऊ नयेत. डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरचा 'व्हाम्पिर' (१९३२) त्यातला. नायकाची भूमिका ज्याने केली त्यानेच पैसा घातला होता, तो एक तरुण बॅरन होता आणि दुसरं नाव घेऊन पडद्यावर आला. बाकीचे बरेच जण अभिनयाच्या धंद्यातले नव्हते. भिंगासमोर तलम कापड धरून घेतलेल्या चित्रणामुळे सगळा सिनेमा धुक्यात घडल्यासारखा दिसतो. सावल्या माणसांना सोडून हिंडतात. व्हॅम्पायर इथे एक थकलेली म्हातारी आहे. गोष्ट धरून ठेवायला गेलात तर ती निसटेल, तेव्हा तो प्रयत्न सोडून द्या आणि कोण कुठून कुठे बघतंय एवढंच बघा. एका प्रसंगात नायक स्वतःला शवपेटीत पडलेला बघतो, झाकणाला काचेची खिडकी आहे, आणि कॅमेरा आतून वर बघत राहतो: झाकण पक्कं करणारा हात, मग छत, मग आभाळ आणि झाडांचे शेंडे सरकत जातात. पुरलं जाण्याची भीती इतक्या शांतपणे दुसऱ्या कोणी दाखवल्याचं मला ठाऊक नाही. बर्लिनच्या प्रेक्षकांनी या सिनेमाची हुर्यो उडवली होती.

आता नियमच काढून टाकले तर? जॉर्ज रोमेरोच्या 'मार्टिन'मध्ये (१९७७) पोराला सुळे नाहीत, उन्हाचं वावडं नाही. तो इंजेक्शनने बायकांना झोपवतो आणि ब्लेडने शीर कापतो. त्याचा म्हातारा नातेवाईक त्याला जुन्या देशातला शापित नोस्फेरातू, म्हणजे व्हॅम्पायर, मानतो, दाराला लसूण टांगतो. मार्टिन तोच लसूण चावून दाखवतो, क्रूस गालाला लावतो आणि सांगतो की जादू वगैरे काही नसते. मग तो आजारी आहे, की घरानेच लहानपणापासून तू राक्षस आहेस असं सांगून त्याला तसा घडवला? रोमेरो निकाल देत नाही. घडतं ते अमेरिकेतल्या ब्रॅडक या पोलाद गिरण्यांच्या गावात. कामं गेली, तरुण निघून गेले, मागे म्हातारे आणि रिकामी घरं. चाकरमानी गणपतीला येतात आणि एरवी वाडीत कुलपं असतात, अशा वाडीत वाढलेल्याला ते गाव ओळखीचं वाटेल. माझ्या लेखी सत्तरच्या दशकातला हा सर्वांत दुःखी भयपट आहे.

ग्येर्मो देल तोरोचा पहिला सिनेमा 'क्रोनोस' (१९९३) मेक्सिकोतला. जुन्या वस्तू विकणाऱ्या आजोबांना एक सोन्याचं किड्याच्या आकाराचं यंत्र सापडतं. ते कातडीत नांग्या रुतवतं आणि बदल्यात तारुण्य देतं. रक्ताची तहान इथे व्यसनासारखी चढत जाते. पार्टीतल्या पाहुण्याच्या नाकातून फरशीवर सांडलेलं रक्त आजोबांना दिसतं आणि हा सभ्य माणूस गुडघ्यांवर येतो. त्यांची जवळजवळ न बोलणारी नात सगळं बघत असते, तरी त्यांची साथ सोडत नाही. मला हा सिनेमा भीतीपेक्षा त्या दोघांसाठी आवडतो.

बेल्जियमच्या हॅरी कुमेलचा 'डॉटर्स ऑफ डार्कनेस' (१९७१) समुद्रकाठच्या एका भव्य हॉटेलात घडतो, पर्यटकांचा हंगाम संपलेला, खोल्या रिकाम्या. देल्फिन सेरिगची सरदारीण नुसती बसून बोलते आणि नवं जोडपं तिच्या मुठीत जातं. प्रौढांसाठीच. कॅथरिन बिगेलोच्या 'नियर डार्क'मध्ये (१९८७) व्हॅम्पायर हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही.

आशियाकडे वळलं की आपली हडळ भेटते. मलय लोककथांतली पोन्तियानाक ही बाळंतपणात दगावलेली बाई, रक्तावर जगणारी, केळीच्या बनात राहणारी. तिच्या मानेत खिळा ठोकला की ती सुंदर साधी बाई होऊन संसार करते, खिळा निघाला की परत मूळ रूपात. आपल्याकडेही बाळंतीण गेली तर उंबऱ्यात खिळा मारायची आणि स्मशानाच्या वाटेवर राळे टाकायची चाल जुनी माणसं सांगतात, ती दाणे वेचत बसेल आणि उजाडेल म्हणून. युरोपात व्हॅम्पायरच्या वाटेवर खसखस टाकत, कारणही तेच. १९५७ साली सिंगापुरात 'पोन्तियानाक' सिनेमा आला. दिग्दर्शक बी. एन. राव मूळचे भारतीय, नायिका मारिया मेनाडो. तो तुफान चालला आणि नंतर त्याच्या प्रतीच हरवल्या, आज तो बघता येत नाही. त्याच मालिकेतला 'सुम्पाह पोन्तियानाक' (१९५८) मात्र टिकून आहे. केळीची बनं, लाकडी घरं, दमट रात्र यांमुळे तो सिंगापुरात घडतोय हे विसरायला होतं.

हाँगकाँगचा 'मिस्टर व्हॅम्पायर' (१९८५) घरातल्या मोठ्या मुलांसोबत बघता येईल. त्यातलं प्रेत ताठरलेलं असल्यामुळे उड्या मारत चालतं, श्वासावरून माणूस ओळखतं, म्हणून समोर आलं की श्वास रोखायचा. विषावर उतारा चिकट तांदळाचा, आणि दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळतो तिथून गोंधळ सुरू होतो. हसता हसता नियम कसे वापरावेत याचा हा वस्तुपाठ आहे, आणि लाम चिंग-यिंगचा जुळलेल्या भुवयांचा गंभीर मांत्रिक विसरता येत नाही. लाहोरचा 'जिंदा लाश' (१९६७) आणि रामसे बंधूंचा 'बंद दरवाजा' (१९९०) हे ड्रॅक्युलाला गाण्यांसकट आपल्या मातीत आणणारे सिनेमे. पहिला दुसऱ्यापेक्षा खूपच सरस.

राहिला 'गांजा अँड हेस' (१९७३). निर्मात्यांना कृष्णवर्णीय व्हॅम्पायरचा झटपट चालणारा मसालापट हवा होता. दिग्दर्शक बिल गनने त्या पैशांत श्रद्धा, व्यसन आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माणसाची स्वतःशीच चाललेली झुंज यांवरचा सिनेमा काढून दिला. मुख्य भूमिकेत ड्वेन जोन्स. कान महोत्सवात तो दाखवला गेला, तरी वितरकांनी कापून, नाव बदलून तो विकला. मूळ सिनेमाची एक प्रत न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये राहिली आणि तिच्यामुळेच पुढे तो पूर्ण रूपात लोकांसमोर आला. शोधताना लांबी बघून घ्या: पावणेदोन तासांच्या पुढे असेल तर गनचा सिनेमा, सव्वा तासाच्या आसपास असेल तर वितरकांनी कापलेला. त्या दुसऱ्यावर संध्याकाळ घालवू नका.